लाल मुठीचा ब्रश

मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या शॉपमध्ये तारेचे दोन ब्रश होते, आणि त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही हा तिथला पहिला नियम होता. एक लोखंडी तारेचा, साध्या लाकडी मुठीचा. तो फाटकं, जाळ्या, जिने, गंजकी बिजागरं असल्या कामांचा. दुसरा स्टेनलेस तारेचा, त्याची मूठ लाल रंगवलेली. तो फक्त स्टेनलेससाठी. लोखंड घासलेला ब्रश स्टेनलेसवर फिरला तर त्या वेळी काहीच दिसत नाही, उलट काम चकाकतं. पण तारांना चिकटलेले लोखंडाचे कण स्टेनलेसच्या अंगात जाऊन बसतात, आणि चार दिवस दमट हवा लागली की त्यांना गंज चढतो. मग गिऱ्हाईक विचारतं, मिस्त्री, स्टेनलेस सांगून हे काय गळ्यात मारलंत? आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला कोण हात लावणार!

बारकी नऊ वर्षांची असताना तिने खेळता खेळता लाल मुठीच्या ब्रशने एका फाटकाची कडी घासली होती. मिस्त्रींनी तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात तिला त्यांनी तेवढंच एकदा मारलं, पण असं की तो नियम तिच्या गालातून थेट हाडात गेला. ब्रश त्यांनी त्याच दिवशी फेकून दिला आणि नवा आणून त्याची मूठ लाल रंगवली.

ही बारकी म्हणजे मिस्त्रींची एकुलती एक मुलगी. आता ती एकतीस वर्षांची होती आणि खांद्याने बापापेक्षा रुंद होती, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. बारा वर्षं ती बापाबरोबर शॉपमध्ये होती. शॉप म्हणजे तरी काय, रस्त्याला लागून एक लांबट खोली, वर पत्रा, भिंतीला काजळी, मधोमध जाड पत्र्याचं टेबल आणि कोपऱ्यात साखळीने बांधलेली गॅसची नळकांडी. गिऱ्हाईक यायचं, टेबलाशी हेल्मेट घालून वाकलेल्या बारकीच्या डोक्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, ‘‘मिस्त्री आहेत का?’’ बारकी हेल्मेट वर करून हाक मारायची, ‘‘बाबा, तुम्हाला बोलावतायत.’’ काम कोण करतंय हे डोळ्यांसमोर दिसत असूनही लोकांना दिसत नव्हतं, आणि मिस्त्रींनीही ते कधी कुणाला बोट धरून दाखवलं नव्हतं.

खरं तर मिस्त्रींना स्वतःलाच दिसत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्यांना सरळ पट्ट्या मधेच वाकलेल्या दिसायला लागल्या. मग प्रत्येक गोष्टीच्या मध्यावर एक करडा डाग येऊन बसला. कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे चालायला-फिरायला अडत नव्हतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं. रंगही विटले होते. कुणाला न सांगता ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, आतल्या पडद्यालाच डाग पडलेत, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही, आहे ते सांभाळा. डॉक्टरने लिहून दिलेला कागद मिस्त्रींनी चार घड्या घालून पाकिटात ठेवला आणि पाकीट खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची. वेल्डरला दिसत नाही हे एकदा बाजारात कळलं की संपलंच. तेव्हापासून नाजूक काम आलं की मिस्त्री म्हणायचे, ‘‘बारके, हे तू कर गं, माझा गुडघा धरलाय.’’ त्यांचा गुडघा ठणठणीत होता.

तर एक दिवस शॉपमध्ये मोजणीदार आले. जमिनी मोजण्यात उभी नोकरी घालवलेला हा निवृत्त माणूस उंचावरच्या थंड वस्तीत राहायचा आणि स्वतःच्या हातांनी लाकडावर चालणारी शेगडी बांधायचा त्याला नाद लागला होता. ही तिसरी. पहिलीने इतका धूर केला की बायकोने खाट अंगणात काढली आणि आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. दुसरीचा आतला लोखंडी पत्रा एका हिवाळ्यात वाकून जळून गेला. आता तिसरी बाहेरून विटांची आणि आतून स्टेनलेसची होणार होती. मोजणीदारांनी चौकटीच्या कागदावर सगळं आखून आणलं होतं. जाळ जिथे व्हायचा तिथलं आतलं खोकं, त्याच्या वरच्या बाजूला धूर अडवून फिरवणारा आडवा पत्रा, धुराड्याला जोडायचं गोल कडं, आणि रांगेने भोकं पाडलेल्या तीन नळ्या. त्या नळ्यांतून तापलेली हवा जाळावर पडली की धूरसुद्धा जळतो, असं ते म्हणाले. ‘‘धूर जळला पाहिजे, मिस्त्री. नाहीतर या खेपेला खाट माझी निघेल.’’

जाता जाता ते आणखी एक बोलले. त्यांचा मेहुणा दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होता. त्याला स्टेनलेसचा चांगला हात असलेलं माणूस हवं होतं, आणि पुढच्या रविवारी तो शेगडी बघायला येणार होता. ‘‘काम आवडलं तर तो विचारणारच, कुणी केलंय म्हणून.’’

बारकीने ग्राइंडर बंद केला. त्या कारखान्याच्या फाटकावर ती आजवर दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा तिला सांगितलं, जागा नाही. दुसऱ्यांदा वॉचमन म्हणाला, कँटीनची भरती मागच्या गेटला. तिने वेल्डिंगसाठी आलेय म्हटल्यावर त्याने तिच्यामागे कुणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं होतं.

मोजणीदार गेल्यावर ती बापासमोर येऊन उभी राहिली.

‘‘बाबा, हे काम मी एकटी करणार. वेल्डच्या पहिल्या टाक्यापासून शेवटापर्यंत. तुम्ही हात लावायचा नाही.’’

‘‘बरं बाई. नाही लावत.’’

‘‘आणि फोरमनने विचारलं, कुणी केलंय, की सांगायचं, हिने केलंय.’’

‘‘सांगेन की. त्यात काय एवढं!’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द.’’

ती गेली तर शॉपला कुलूप लागणार हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी शब्द दिला आणि मनापासून दिला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाला ते खरं वाटणार नाही.

चार दिवस बारकीने दुसरं काही पाहिलं नाही. पत्रा पातळ होता. एका जागी वेल्डिंगची टॉर्च जरा रेंगाळली की तो पापडासारखा वाकणार, म्हणून ती एक टाका इथे, एक टाका समोरच्या टोकाला असे घालत गेली. नळ्यांची तोंडं तिने चिकटपट्टीने बंद केली आणि आत आरगॉन गॅस सोडून मगच सांधे भरले. हे न करता वेल्ड मारला तर बाहेरून सुरेख दिसतो आणि आतून जळून काळा, खरबरीत होतो. शेगडीच्या नळीच्या आत कोण बघायला जाणार? पण फोरमन बघेल, बारकीला खात्री होती. लाल मुठीचा ब्रशही तिने या कामापुरता खिळ्यावरून काढला आणि कापडी पिशवीत घालून खणात ठेवला. उगाच कुणाचा चुकून हात लागायला नको.

दर वेळी ठिणगी पाडायच्या आधी ती ओरडायची, ‘‘डोळे!’’ ही मिस्त्रींनीच घालून दिलेली पद्धत. ज्याच्या हातात टॉर्च त्याने ओरडायचं आणि बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. चाळीस वर्षांत मिस्त्रींनी हजारो वेळा इतरांना तसं सावध केलं होतं. स्वतः मात्र कैक वेळा हेल्मेट न घालता टाके मारले होते, एवढ्याशा कामाला कशाला हेल्मेट, म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गुरुवारी दुपारी काम संपलं. बारकी गोल कडं घेऊन बाजारात गेली, धुराड्याच्या नळाला ते बसतं का बघायला. मिस्त्री रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिऊन रखरखीत उन्हातून शॉपमध्ये शिरले. आत त्यांना निव्वळ अंधार होता. टेबलावर कडं सोडून बाकीचे सगळे भाग मांडलेले होते. त्यांनी अंगठा सांध्यावरून फिरवला. शेजारी शेजारी बसलेल्या लहान लहान लाटा, एक वर नाही की एक खाली नाही. अंगठा खोक्याच्या चारी कडांवरून गेला आणि कुठेही अडला नाही. एवढं चांगलं त्यांनी स्वतः उमेदीच्या वयातही केलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचलंही. एवढ्या सगळ्या कामात आपलं काहीच नाही? एक टाकासुद्धा नाही?

हात लावायचा नाही म्हणाली होती. पण शेवटचा ब्रश मारणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यांचा हात डाव्या खिळ्याकडे गेला. लाल मुठीच्या ब्रशची ती जागा, गेल्या बावीस वर्षांची. ब्रश तिथे होता. मिस्त्री डावखुरे. डाव्या हाताने त्यांनी सगळे बाहेरचे सांधे एकामागून एक घासले, लाडाने घासले, दहा मिनिटं. मग फुंकर मारली आणि स्वतःशीच म्हणाले, ‘‘आता कसं!’’ सगळं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी सुतळीने बांधूनही टाकलं.

त्याच दिवशी सकाळी एका दुकानाच्या शटरची गंजकी पट्टी घासून झाल्यावर त्यांनी लोखंडी ब्रश हाताला लागला त्या रिकाम्या खिळ्यावर अडकवला होता. तो खिळा डावा होता. लाल मूठ आणि लाकडी मूठ दोन्ही त्यांना आता एकच तपकिरी दिसत होत्या.

संध्याकाळी मोजणीदार सामान न्यायला आले. बारकी कड्याचं माप बरोबर जमलं म्हणून खुशीत होती. ‘‘बाबा, बांधून टाकलंत? मला एकदा पुसून घ्यायचं होतं.’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘मी बघितलंय सगळं. फर्स्ट क्लास.’’ मोजणीदारांनी एका कोपऱ्यातला कागद सोडून खोक्याची कड पाहिली आणि मान हलवली. ‘‘मिस्त्री, हात आहे तुमचा की मशीन?’’ मिस्त्री नुसते हसले. बारकीने त्यांच्याकडे पाहिलं. शब्द फोरमनसाठी दिलाय, याच्यासाठी नव्हे, असं मिस्त्रींनी मनाशी म्हटलं. मनाशी म्हणायला माणसाला काय लागतं!

सोमवारी सकाळी एक टेंपो शॉपसमोर थांबला. त्यातून मोजणीदार उतरले, मागून एक ठेंगणा, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस उतरला. हा फोरमन. दोघांनी मिळून खोकं आणून टेबलावर ठेवलं. मोजणीदार शेगडीच्या विटा रचेपर्यंत ते भाग त्यांच्या अंगणात होते. चार रात्रींचं दव पडलं होतं.

‘‘बघा,’’ फोरमन म्हणाला.

मिस्त्रींनी वाकून बघितलं, म्हणजे बघितल्यासारखं केलं. डागाच्या कडेने त्यांना सांध्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी मळकट असल्याचं जाणवलं. त्यांनी अंगठा फिरवला. बारीक खरखर लागली. अंगठ्याला आलेली पूड त्यांनी नाकाशी नेली. गंजाचा वास त्यांना कुणी शिकवायला नको होता.

‘‘स्टेनलेसला गंज कसा चढतो?’’ मोजणीदार हवालदिल झाले होते. ‘‘पत्रा तर मीच निवडून दिलेला.’’

‘‘पत्रा चांगला आहे. वेल्डची काडीही बरोबर वापरलीय.’’ फोरमनने एका नळीत बॅटरी मारून आत पाहिलं. ‘‘आतून स्वच्छ आहे. आत गॅस सोडलाय, एवढी अक्कल वापरलीय. म्हणजे नंतर लोखंडाचा ब्रश मारला. एवढं करून शेवटी माती खाल्ली.’’ त्याने बॅटरी बंद केली आणि मान वर केली. ‘‘कुणी केलंय हे काम?’’

हाच तो प्रश्न. आठ दिवस बारकी याच प्रश्नाची वाट बघत होती.

ती तेव्हा खोक्यावर वाकली होती. गंज रेघारेघांनी उमटला होता, आणि रेघा सगळ्या एकाच बाजूला कललेल्या होत्या, डाव्या हाताने घासल्यावर कलतात तशा. तिने रेघा पाहिल्या. मग डावा खिळा पाहिला. त्यावर लाकडी मुठीचा ब्रश अजून लटकत होता. मग तिने बापाकडे पाहिलं, आणि पाहत राहिली.

मिस्त्रींना तिचा चेहरा दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी डाग होता. पण ती बघतेय हे कळत होतं, आणि आपल्याला कळलंय हे तिलाही कळलंय, हेसुद्धा. एक वाक्य बोलायचं होतं. ब्रश मी मारला, मला दिसत नाही. चाळीस वर्षं, शॉप, बाजार, ‘मिस्त्री आहेत का?’ म्हणून येणारी माणसं, सगळं त्या वाक्याच्या पलीकडे उभं होतं.

‘‘हिने केलंय,’’ मिस्त्री म्हणाले.

दिलेला शब्द त्यांनी असा पाळला. वर आणखी म्हणाले, ‘‘पोर आहे. शिकतेय अजून.’’

बारकी सरळ उभी राहिली. तिने तोंड उघडलं असतं तर फोरमनने बापाच्या हातात मापपट्टी दिली असती आणि म्हटलं असतं, वाचा बघू. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं असतं. एवढा हिशेब तिने किती क्षणांत केला कोण जाणे.

‘‘चूक झाली,’’ ती म्हणाली. ‘‘ब्रश बदलला गेला. गंज वरवरचा आहे, मी साफ करून देते.’’

‘‘हात चांगला आहे तुमचा, बाई,’’ फोरमन म्हणाला, आणि त्यात कुत्सितपणा नव्हता, हेच जास्त वाईट होतं. ‘‘पण हात महिनाभरात शिकवता येतो. शिस्त नाही शिकवता येत. आमच्या टाकीत असा एक ब्रश फिरला तर टाकी परत येते. मला असं माणूस चालणार नाही.’’ मग तो मिस्त्रींकडे वळला. ‘‘लक्ष ठेवत जा.’’

‘‘हो, हो,’’ मिस्त्री म्हणाले.

टेंपो गेल्यावर बारकीने रबरी हातमोजे चढवले, ॲसिडचा लेप काढला आणि सांध्यांवर लावायला बसली. लेप लावायचा, थांबायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, पुन्हा बघायचं. दोन दिवस ती तेच करत होती. बापाशी तिने भांडण काढलं नाही. चहा वेळेवर दिला, हाक मारली तर ओ दिली. भांडली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. बायको घरी म्हणाली, ‘‘अहो, पोरीचं काही बिनसलंय का?’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘कामात चूक झाली तिची. होतं असं.’’ एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा किती सहज निघतं हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि स्वतःची शिसारी आली.

बुधवारी ते अंगात कसकस आहे असं सांगून घरी पडून राहिले. बारकी दिवसभर शॉपमध्ये एकटी होती. गुरुवारी ते आले आणि सवयीने डाव्या खिळ्याकडे हात गेला. लाल ब्रश परत आपल्या जागी आला होता, आणि त्याच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली होती. घट्ट, एकाला एक लागून, टोकाला गाठ. त्यांनी दुसरा ब्रश चाचपला. त्याची मूठ गुळगुळीत होती.

मग त्यांनी भरणीच्या काड्यांचे डबे चाचपले. एका झाकणाला कानशीने पाडलेली एक खाच होती, दुसऱ्याला दोन. आरगॉनच्या नळीला दोन गाठी, ऑक्सिजनच्या नळीला एक. ग्राइंडरच्या बटणाच्या चालू बाजूला वेल्डचा एक बारीक थेंब. टेबलाच्या कडेला दर दहा सेंटीमीटरवर कानशीचा एक ओरखडा. सगळं शॉप तिने एका दिवसात बोटांनी वाचता येईल असं करून ठेवलं होतं.

बारकी दारात उभी होती.

‘‘कधीपासून माहितेय तुला?’’ मिस्त्रींनी विचारलं.

‘‘तीन वर्षं तुमचा गुडघा धरलाय, बाबा. पण घराचे दोन जिने चढताना एकदाही धरला नाही.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.’’ तिने पायातली चप्पल काढून जाड बूट चढवले आणि नाड्या बांधता बांधता खालीच बघत म्हणाली, ‘‘सोमवारीपण थांबले होते.’’

मिस्त्री तसेच बाहेर पडले. बसची पाटी त्यांना वाचता येईना, तीन माणसांना विचारलं. टाक्यांच्या कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने नाव विचारलं, धंदा विचारला, आणि मिस्त्री म्हटल्यावर खुर्ची पुढे केली. बारकीला याच माणसाने कँटीन दाखवलं होतं. फोरमन आवारातून येत होता. त्याच्या चालीवरून मिस्त्रींनी त्याला ओळखलं आणि नमस्कार केला. तो त्यांना जिना चढून आपल्या खोलीत घेऊन गेला.

‘‘त्या दिवशी मी खोटं बोललो,’’ मिस्त्री म्हणाले. बसायच्या आधीच म्हणाले, नाहीतर राहून गेलं असतं. ‘‘काम सगळं तिचं. ब्रश मी मारला. ती शॉपमध्ये नव्हतीच. चूक माझी आहे.’’

फोरमनने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्याच्या आवाजात हसू आलं. ‘‘बसा, मिस्त्री. चहा घ्या.’’

‘‘चहा नको. खरं सांगतोय.’’

‘‘चाळीस वर्षांचा अनुभव तुम्हाला. स्टेनलेसचा ब्रश सोडून लोखंडी ब्रश उचलाल तुम्ही? असं कसं होईल?’’

असं कसं झालं, याचं उत्तर मिस्त्रींच्या खिशात होतं, चार घड्या घालून. त्यांचा हात पाकिटाकडे गेला. बोटांना कागदाची कड लागली. कागद काढून टेबलावर ठेवायचा होता, बस्स. खोलीच्या काचेतून खालच्या वेल्डरांचे प्रकाश भिंतीवर उडत होते. आपल्या शॉपचं नाव इथे सगळ्यांना माहीत असेल, असं मिस्त्रींच्या मनात आलं.

‘‘घाईत,’’ ते म्हणाले. ‘‘घाईत झालं.’’

ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं झालं.

फोरमन मोठ्याने हसला. उठून त्याने मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘मलाही एक मुलगी आहे, मिस्त्री. तिच्यासाठी मीही हेच केलं असतं. चार दिवसांनी येऊन पोरीची चूक अंगावर घ्यायला छाती लागते. जागा मी देऊ शकत नाही, तो माझा नाइलाज आहे. पण बाप असावा तर असा.’’

आणि तो त्यांना सोडायला फाटकापर्यंत आला. वॉचमनला म्हणाला, ‘‘हे कधीही आले तर थेट वर पाठवायचं.’’

मिस्त्री शॉपवर परतले तेव्हा बारकी कुणाच्या तरी जिन्याचे कठडे जोडत होती. मोजणीदारांचं सामान सकाळीच गेलं होतं, एकही डाग न राहता. तिने टॉर्च खाली ठेवली.

‘‘कुठे गेला होतात?’’

‘‘फोरमनकडे.’’

बारकीने हातमोजे काढले, दोन्ही.

‘‘सांगितलं त्याला. काम तुझं आणि ब्रश माझा.’’

‘‘आणि डोळ्यांचं?’’

टेबलाच्या कडेवरच्या ओरखड्यांवरून मिस्त्रींचं बोट फिरत राहिलं. दहा, वीस, तीस.

‘‘काय म्हणाला तो?’’ बारकीने विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. पण आता त्याचीही लाज वाटली.

‘‘म्हणाला, बाप असावा तर असा.’’

बारकी हसली. आठवडाभरात पहिल्यांदा हसली, आणि हसू आवरेना म्हणून टेबलाला धरून उभी राहिली. मिस्त्रींना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण हसणं मधेच कुठेतरी हसणं राहिलं नाही, एवढं त्यांना ऐकू आलं. मग तिने नाक पुसलं, हातमोजे चढवले आणि हेल्मेट खाली ओढलं.

‘‘डोळे!’’ ती नेहमीसारखी ओरडली.

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.